दादा, आत सेन्सर आहे!

गेल्या महिन्यात आमच्या गाडीचे चारही टायर बदलले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं झालं. घरी येईपर्यंत डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हवा तर बरोबर होती! नंतर कळलं, टायर काढताना आतला सेन्सर तुटला होता. तो आत आहे, हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

हा दिवा टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा. तुमच्या गाडीत ती असेल, तर आधी तिचा प्रकार ओळखा. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा दाब आकड्यात दिसतो? मग बहुधा प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर आहे. काही गाड्यांत सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, त्यावरून एबीएस अंदाज बांधते. खात्रीसाठी गाडीचं मॅन्युअल बघा.

सेन्सर असेल, तर टायर काढण्याआधीच सांगा. रिमपासून टायर सोडवताना मशीनचा दाब व्हॉल्व्हजवळ आला, की सेन्सर गेलाच म्हणून समजा. व्हॉल्व्हचं सील आणि कोअर नवीन टाकून घ्या. टायर जुने असतील, तर सेन्सरच्या बॅटरीचंही विचारा. ती साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि बहुतेकदा वेगळी बदलता येत नाही. पंक्चरचं लिक्विड सेन्सरला चालतं का, तेही बाटलीवर वाचा.

टायर बसले, की ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब, टायर थंड असताना भरा. एबीएसवाल्या गाडीत त्यानंतर रीसेट करायला विसरू नका, नाहीतर ती चुकीचा दाबच बरोबर धरून बसेल.

दिव्याची भाषाही समजून घ्या. सतत पेटला, तर हवा कमी. बहुतेक गाड्यांत आधी मिनिटभर लुकलुकून मग पेटून राहिला, तर यंत्रणेतच बिघाड.

'चालतंय की' म्हणू नका. भारतात २०२० च्या नियमबदलानंतर टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. अशा गाडीत हायवेवर टायर बसला, तर डिकीत दुसरं चाक नसतं. वेळेत सावध करायला तो दिवाच असतो.

म्हणून चावी देतानाच एक वाक्य बोला. ते फुकट आहे. सेन्सर नाही, हे आम्हाला बिल बघून कळलं.