बीअरच्या पेल्यातली ज्वारी

येडेश्वरीच्या गावच्या माणसाने, त्यातून मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने, दिवाळी अंकात बीअरवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल; काहींना रागही येईल. रागावणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो की, हातभट्टीने मोडलेली घरे मी आमच्या भागात पुष्कळ पाहिली आहेत, आणि जो पीत नाही त्याने प्यावे असे सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. परंतु शहरांतल्या सुशिक्षित घरांत बीअरचा पेला आता लपूनछपून येत नाही, हे आपण सारेच जाणतो. लेक-जावई, मुलगा-सून हॉटेलात जातात आणि हौसेने 'क्राफ्ट बीअर' मागवतात. हीच मंडळी घरी ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवतात, कापडी पिशवी घेऊन बाजारात जातात. त्यांनाच मला विचारायचे आहे: त्या पेल्यात पाणी किती, आणि ते कुणाचे?

'क्राफ्ट बीअर' म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी साखर कारखाना आणि गुऱ्हाळ यांतला फरक आठवावा. लहान भांड्यांत, थोडी थोडी, कारागिराच्या नजरेखाली उतरणारी ती ही बीअर. पुण्यात २००९ साली 'डूलाली' नावाने असे बीअरगृह निघाले, आणि पुढे पुण्या-मुंबईत त्याची पुष्कळ भावंडे जन्मली. या नावाची गंमत सांगितल्यावाचून भाषेच्या मास्तराला राहवणार नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून राहत; त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे चक्रम असा शब्द रूढ झाला. आपलीच देवळाली विलायतेला जाऊन वेडी झाली आणि परत येऊन पुण्यात बीअरच्या पाटीवर बसली!

असो. बीअरची कृती तशी आपल्या गृहिणींना परकी नाही. जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवून त्यातला गोडवा उतरवून घ्यायचा. मग हॉप्स नावाची कडवट फुले घालून उकळायचे, निववायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे. नाचणीचे सत्त्व काढणाऱ्या बाईला यातली निम्मी पायरी शिकवावी लागणार नाही.

आता पाण्याकडे वळू. २०१६ चा उन्हाळा आठवला की मराठवाड्यातल्या माणसाच्या अंगावर अजून काटा येतो. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. 'जलदूत' या नावाने ती गाडी पुढे प्रसिद्ध झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि पुढे साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक वसाहतींत बीअरचे मोठमोठे कारखाने आहेत. आमच्या गावच्या पारावर तेव्हा एकच बोलणे होते: माणसाला प्यायला नाही आणि बीअरला मात्र पाणी! ते रास्तच होते. पण पारावर न झालेला एक हिशेब मी पुढे सवडीने केला.

एक लिटर बीअर काढायला कारखान्यात सर्वसाधारणपणे चार ते सात लिटर पाणी लागते. लहान बीअरगृहांत धुण्या-विसळण्यापायी त्याहूनही अधिक. गुऱ्हाळाचे कौतुक करताना हे विसरू नये. पाच लिटर धरले तर जलदूतच्या त्या पहिल्या खेपेत एक लाख लिटर बीअर निघाली असती. परंतु नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी पार शेतापासून मोजणी केली आहे. जव पिकवण्याचे पाणी धरले तर एका लिटर बीअरमागे जगाची सरासरी सुमारे तीनशे लिटर पडते. या मापाने ती गाडी अवघ्या सोळा-सतराशे लिटर बीअरमध्ये आटली असती! कारखान्याच्या नळाकडे बोट दाखवतो आपण, आणि खरे पाणी गेलेले असते रानात.

मात्र तीनशेचा आकडा ऐकून पेला खाली ठेवण्याचीही घाई नको. त्यातले बरेचसे पाणी पावसाचे असते. जे पाणी आभाळातून पडून जागच्या जागी मुरले आणि पिकाने शोषले, त्याने कुणाचा हंडा रिकामा होत नाही. तेच बोअर मारून सातशे फुटांवरून उपसले, तर शेजारच्या वस्तीची विहीर आटते. म्हणून 'किती' याहून 'कुठले' हा प्रश्न मोठा.

आणि इथेच आमची ज्वारी आठवते. आमच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर ती वाढते. एखादे पाणी मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी घरापुरते दाणे आणि गुरांपुरता कडबा देऊन जाते. उलट, बीअरचा जव येतो राजस्थान-उत्तर प्रदेशाकडून, उंची माल्ट जर्मनी-बेल्जियमहून, आणि हॉप्सची फुले तर बहुतेक सारी सातासमुद्रांपलीकडून. स्थानिक म्हणून ज्या बीअरची शेखी मिरवली जाते, तिच्यात स्थानिक असते ते पुष्कळदा फक्त पाणीच. आणि नेमके तेच आपल्याकडे कमी!

ज्वारी आंबवणे आम्हाला नवे नाही. लातूर-धाराशिव भागातल्या वेळ अमावास्येला, आमच्या बोलीत येळवशीला, ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील रात्रभर मुरवून सारे घर रानात घेऊन जाते. ती चढत नाही; पण भर उन्हात भज्जी आणि उंड्यांवर तिचा आंबट घोट घेतला म्हणजे जी तृप्ती होते, ती मला आजवर कुठल्याही पेल्यात सापडलेली नाही. आफ्रिकेत याच धान्याची बीअर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होते. नायजेरियाने तर १९८८ पासून जवाच्या आयातीवर बंदी घातली, आणि तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारी-मक्याकडे वळावेच लागले. सरकारी हुकमाने कारखानदारांची जीभ बदलली, असेच म्हणायचे.

अर्थात ज्वारी जवाइतकी शहाणी नाही. जवाला टरफल असते, त्याची गाळणी आपोआप होते. ज्वारीचा दाणा उघडा, त्याचा लगदा गाळताना तुंबतो. पिठूळपणाची साखर करणारी द्रव्येही तिच्या मोडांत कमी. शिवाय कोवळ्या पोंग्याने गुरांना किराळ लागते ते ज्या विषामुळे, ते मोडांतही उतरते. ज्वारीचे माल्ट करताना मोड झाडून टाकावे लागतात. म्हणून सोपा मार्ग असा की, ज्वारी कण्यांसारखी आधी शिजवून घ्यायची आणि मग जवाच्या माल्टबरोबर मुरवायची. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात याच धंद्यात आहे. त्याने मला अशी निम्मी ज्वारी घातलेली बीअर पाजली. फिकी, जराशी आंबटसर, उन्हाळ्यात बरी लागेल अशी. फार उंची म्हणणार नाही. पण दुसरा पेला मी नाकारला नाही.

खाण्याच्या धान्याची दारू करायची का, हा आक्षेप मला ठाऊक आहे. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचे ठरवले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला, आणि तो योग्यच होता. जनतेच्या पैशाने दारूचे कारखाने पोसण्याचे समर्थन मी करणार नाही. पण आज ज्वारीची जागा घेतली आहे ती बीअरने नव्हे, सोयाबीन आणि उसाने. खाणारा गव्हाच्या पोळीकडे वळला, दाण्याला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून ज्वारी मागे पडली.

पिणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब सांगतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या 'न्यू बेल्जियम' या कारखान्याच्या सहा बाटल्यांच्या खोक्याची मोजदाद २००८ साली झाली. सुमारे सव्वातीन किलो कार्बन डायऑक्साइड निघाला. त्यात सर्वांत मोठा वाटा दुकानातल्या शीतकपाटाच्या विजेचा, त्याखालोखाल काचेच्या बाटलीचा. दोन्ही मिळून जवळजवळ निम्मा! तेव्हा बीअर जिथे होते तिथेच, पिंपाच्या तोटीतून घेतलेली बरी. घरी न्यायची तर २०२० पासून महाराष्ट्रात बीअरगृहातून मोठ्या बाटलीत भरून नेता येते. तीच बाटली धुऊन परत भरावी. आणि ती बर्फासारखी गार करू नये. दहा-बारा अंशांवर चांगल्या बीअरची चव उमलते. जीभ बधिर करून प्यायची तर कुठलीही चालेल. (परवाना खिशात हवा आणि वयाची एकवीस वर्षे पुरी हवीत, हे प्राध्यापकी सवयीने सांगतो.)

गाळून उरलेला चोथा हा तर खरा खजिना. शंभर लिटर बीअरमागे सुमारे वीस किलो ओला चोथा निघतो, आणि तो दुभत्या जनावरांना मानवतो. मात्र उन्हाळ्यात दोन दिवसांत तो आंबतो. गोठा जवळ नसेल तर गटारीची धन.

हे सारे मी यंदा सुट्टीत येरमाळ्याला अण्णांना, म्हणजे शेती पाहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, ऐकवले. विद्यार्थ्याने नमुन्यादाखल दोन क्विंटल मालदांडी मागितली होती. अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "मास्तर, ज्वारी पेरायला काय नाही रं. पण उपटायला माणूस कुठं हाय? सोयाबीनला मशीन येतंय. अन् पाखरं राखायला तू येणार का कालेज सोडून?"

मी भावाचे बोललो. तो बाजारापेक्षा जास्त देईल, अर्धे पैसे आधी देईल.

"मग दाणं न्या म्हणावं, कडबा माझा. अन् त्यो चोथा माघारी मिळंल का म्हशींना?"

पुण्याहून इथवर तो टिकणार नाही, शिवाय गाडीभाडे दाण्याच्या किमतीला येईल, असे मी सांगितले. अण्णांनी क्षणभर विचार केला. "मग भट्टीच हिकडं काढा म्हणावं."

आतून वहिनींचा आवाज आला, "भट्टीचं नाव काढू नका या घरात. गावातली एक मोडाया बायांना दोन वरसं लागली."

अण्णा काही बोलले नाहीत. दसऱ्याच्या आधी त्यांनी दोन एकर मालदांडी जास्त पेरली आहे. चोथ्याचे अजून ठरलेले नाही.