हेमिसेल्युलोज : लाकडातील दुवा

लाकूड म्हटले की आपल्याला सेल्युलोज आठवते. फार तर लिग्निन. परंतु रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाचा सुमारे पाव हिस्सा तिसऱ्याच द्रव्याचा असतो. १८९१ साली शुल्त्से ह्या रसायनशास्त्रज्ञाने त्याला ‘हेमिसेल्युलोज’, म्हणजे अर्धे सेल्युलोज, असे नाव दिले. हे नाव फसवे आहे.

उत्तर युरोपातील बर्च वृक्षच आपण घेऊ. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६ अणू. बर्चमधील हेमिसेल्युलोजची साखळी मुख्यतः झायलोजची. झायलोजमध्ये कार्बनचे अणू ५ च, आणि कड्याही शे-दोनशेच. शिवाय दर १० कड्यांमागे सुमारे ७ ॲसिटिल गट आणि मेथिलयुक्त ग्लुक्युरॉनिक आम्लाची एक फांदी. सेल्युलोजच्या साखळ्या बिनफांदीच्या, म्हणून त्या एकमेकींना बिलगून स्फटिकासारख्या घट्ट बसतात. हिला ते साधत नाही. पण म्हणूनच ती सेल्युलोजचे तंतू व लिग्निन ह्यांना जोडणारा दुवा होते.

हे जाणून लाभ काय? बंद भांड्यात असे लाकूड तापविले की निघणारे ॲसेटिक आम्ल मुख्यतः ह्याच ॲसिटिल गटांचे. बर्चच्या झायलोजपासून झायलिटॉल ही गोडी फिनलंडने १९७५ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर काढली. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत मात्र हेमिसेल्युलोजचा मोठा भाग काळ्या द्रावात विरघळून जळणास जातो. रेणूची रचना ठाऊक असली, तरच आपण काय जाळीत आहोत हे आपणांस कळते.