तारीख एकच, दिवस मात्र वेगळे

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

२३ एप्रिल आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोटे’वाला सर्व्हांतेस, दोघंही २३ एप्रिल १६१६ ला, म्हणजे एकाच दिवशी गेले. युनेस्कोचा जागतिक पुस्तक दिनही याच तारखेला असतो.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लॉगमध्ये वेळ दिसली की आधी विचारतो, कुठल्या टाइमझोनची? इथे विचारायचं, कुठल्या कॅलेंडरची?

जुनं ज्युलियन कॅलेंडर वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरायचं. खरं वर्ष त्याहून साधारण ११ मिनिटांनी लहान. ही मिनिटं शतकानुशतकं साचत गेली. शेवटी १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी १० दिवस उडवले: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर! स्पेनने हे लगेच स्वीकारलं, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही.

म्हणजे शेक्सपिअर इंग्लंडमध्ये २३ एप्रिलला गेला, तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होता. त्यात सर्व्हांतेस बहुधा २२ लाच गेला. २३ ला त्याचं दफन झालं. दोघांच्या मृत्यूत दहा-अकरा दिवसांचं अंतर.

गंमत बघायचीय? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘कॅल’ कमांड देऊन सप्टेंबर १७५२ काढा. २ नंतर थेट १४ तारीख दिसेल. बग नाहीये तो; इंग्लंडने तेव्हा खरंच ११ दिवस गाळले होते. रशियाने तर १९१८ पर्यंत जुनंच कॅलेंडर वापरलं, म्हणून तिथली ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या हिशोबाने ७ नोव्हेंबरची.

हे आपल्याही घरापर्यंत येतं. शिवजयंतीची शासनमान्य १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन हिशोबाने तोच दिवस १ मार्च १६३०. तिथी मात्र दोन्हीकडे एकच: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्यामुळे ग्रुपवर ‘तारीख की तिथी’ असं भांडण पेटलं, तर एवढं नक्की सांगा की दोन्ही बाजू एकाच दिवसाबद्दल बोलतायत.

तेव्हा ‘आजच्याच दिवशी’वाला जुना मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा: घटना कुठल्या देशातली, आणि तिथे तेव्हा कुठलं कॅलेंडर चालू होतं.

चला, भेटू पुढच्या भागात!