विमानतळाची वाट आणि उंदरांचे फाटे

हेब्बाळहून येलहंकामार्गे बंगळूरच्या विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत तुंबतो, कारण येलहंक्याच्या हवाई तळावर ‘एरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन भरते. या कोंडीत एकदा विमान हुकलेला माणूस प्रदर्शन संपले तरी बागलूरच्या बाजूने जाऊ लागतो. त्याला घाबरट म्हणणे सोपे आहे. पण वाट निवडताना मेंदू जुने प्रवास मनातल्या मनात पुन्हा करून बघतो, आणि ही उजळणीच त्याचे वळण ठरवते, असे मानायला भक्कम आधार आहे.

उंदीर ठरावीक जागी आला की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ठरावीक पेशी चेततात, हे जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये दाखवले. 2014 च्या नोबेलचे ते एक मानकरी. उंदीर थांबला की याच पेशी चाललेली वाट निमिषात पुन्हा गिरवतात, कधी सुलट, कधी उलट, हे नंतर कळले. शंतनु जाधव आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये नेमकी ही उजळणी मोडली. मागच्या खेपेला डावीकडे गेलो, तर आता उजवीकडे, हे शिकणे मग उंदरांना जड गेले. बाजूच्या फाट्याच्या टोकाकडून मधल्या फाट्यावर परतणे मात्र पूर्वीसारखेच जमले. अडले ते नेमके, जिथे मागचा प्रवास आठवून पुढचा ठरवायचा होता तिथे.

रोजच्या रस्त्यावर कोण आठवत बसतो, गाडी सवयीनेच वळते, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण पॅकार्ड आणि मॅगॉ यांनी 1996 मध्ये सवय मुरलेल्या उंदरांच्या मेंदूतला सवयीचा भाग तात्पुरता बंद केला, तेव्हा ते पुन्हा जागेच्या आठवणीने वळले. सवयीखाली आठवण शाबूत होती. उंदरांवरून माणसाचे काय सांगता, ही शंका अधिक रास्त. त्यासाठी लंडनच्या सोहो भागातल्या रस्त्यांवरचा 2017 चा अभ्यास पाहावा. स्वतः वाट शोधणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस नव्या गल्लीत शिरताना, पुढे किती वाटा फुटतात त्या प्रमाणात सक्रिय होई. यंत्राच्या सूचनांवर चालताना तसे काही दिसले नाही.

आजची कोंडी मोबाइलला आपल्यापेक्षा आधी कळते, तेव्हा विमान गाठायचे असेल तर त्याचे जरूर ऐकावे. येलहंक्याच्या जुन्या पेठेत भाजी आणायला जाताना मात्र तो खिशातच राहू द्या.