पाण्याची वाट आणि ग्रामसभेचा ठराव
गाव आणि पाणी : लेखांक 6

गेल्या लेखांकात आपण भरती-ओहोटीचे गणित पाहिले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे भरती पुरी होते. या लेखांकात तोच हिशेब घेऊन आपण अष्टागरातल्या नागावला जाऊ आणि एक प्रश्न विचारू : जुलैत वाडीत गुडघाभर पाणी साचते, तेव्हा ते थांबवण्याची संधी नेमकी कधी हुकलेली असते? माझे उत्तर असे, की ती बहुतेक वेळा ग्रामसभेत हुकलेली असते, आणि तीही पाऊस येण्याच्या कित्येक महिने आधी.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की आक्षीनंतर नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, किनाऱ्याला सुरूचे बन आणि पुढे समुद्र, एवढेच येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. हे गाव समुद्राने रचलेल्या वाळूच्या लांबट पट्ट्यावर वसले आहे. वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला करळ नावाचा दगड याच किनाऱ्यावर सापडतो. पट्ट्याच्या मागे, पूर्वेला जमीन सखल होते. तिथे भातखाचरे आहेत आणि त्यांच्याही पलीकडे डोंगर. डोंगराकडून आलेल्या पाण्याला समुद्र समोर असूनही सरळ जाता येत नाही, कारण मध्ये हा पट्टा आडवा आहे. म्हणून ते किनाऱ्याला समांतर वाहत खाडी शोधते. उत्तरेला आक्षी-साखरची खाडी आहे, दक्षिणेला रेवदंड्याशी कुंडलिकेचे मुख. या प्रवासात उतार फार थोडा मिळतो. जिथे उतार थोडा, तिथे हातभर उंचीचा अडथळाही पाणी अडवायला पुरतो.

आता पाणी किती असते ते पाहू. अलिबाग परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हवामान खाते चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार, 115.6 पासून पुढच्याला अतिजोरदार आणि 204.4 च्या वरच्याला अत्यंत जोरदार म्हणते. हे आकडे वाडीच्या भाषेत मांडले तर अर्थ लागतो. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे भरलेला एक मोठा टँकर. वीस गुंठ्यांच्या वाडीवर अशा एका दिवसात वीस टँकर पाणी पडते. हे झाले केवळ वाडीच्या अंगावर पडलेले. डोंगराकडून आणि शेजारच्या खाचरांतून येणारे पाणी वेगळेच.

वाळू पाणी पिते, हे खरे. जूनच्या पहिल्या सरी ती मुकाट्याने जिरवते. पण जुलै उजाडेपर्यंत विहिरी काठोकाठ येतात, वाळूतले पाणी जमिनीलगत पोचते आणि पुढचा पाऊस जिरायला जागाच उरत नाही. त्यात अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण असले, तर दुपारी बाराच्या सुमारास खाडी तुडुंब असते. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून खारबंदिस्तीच्या बांधातल्या उघाड्या, म्हणजे झडपांची दारे, भरतीला मिटलेल्या असतात. आतले पाणी बाहेर पडायला ओहोटीची वाट पाहावी लागते. पाऊस भरतीच्या वेळी कोसळला की ते तास गावाला जड जातात. ओहोटी लागली की पाणी उतरायला हवे. ते उतरत नसेल, तर दोष चंद्राचा नाही. वाटेत कुठेतरी काहीतरी अडलेले आहे.

ही वाट कशी अडते, ते गावात कुणालाही ठाऊक असते. पूर्वी वाडीच्या कडेने पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, वाहायचा आणि कुंपण गडग्याचे किंवा केवड्याचे असायचे, त्यातून पाणी झिरपून पुढे जाई. आज तिथे पक्की भिंत येते. घर किंवा पर्यटकांसाठीची खोली बांधताना भराव टाकून जागा रस्त्याच्या वर उचलली जाते. प्रत्येकाला आपले अंगण कोरडे हवे असते, ते साहजिक आहे. पण एका अंगणाने उंची घेतली की तिथले पाणी शेजाऱ्याच्या वाडीत उतरते. रस्त्याखालच्या मोऱ्या गाळाने, नारळाच्या झावळ्यांनी, प्लास्टिकने भरतात. परिणाम पोफळीला आधी जाणवतो. तिची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, आणि दमट हवेत कोळेरोगाने सुपारी गळते. विहिरीच्या आणि शौचालयाच्या टाकीच्या मधली वाळू पाण्याने भरली की पिण्याचे पाणी बिघडते. मग पंचायतीला पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर घेऊन विहिरीमागून विहिरी फिराव्या लागतात.

यात कायदा कुठे येतो? बऱ्याच जणांना वाटते की खासगी जमिनीत टाकलेल्या भरावाबद्दल काहीच करता येत नाही. तसे नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे पडलेले पाणी खालच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकाला मान्य केला आहे. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 नुसार शेतीच्या किंवा झाडाझुडपांच्या जमिनीवरचे पाणी बेकायदा अडवून नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र तिथे सहा महिन्यांच्या आत जावे लागते, आणि नेमकी ही मुदत लोकांना माहीत नसते. मे महिन्यात टाकलेल्या भरावाचा त्रास जुलैत होतो, तक्रार दिवाळीनंतर सुचते, तोवर दार बंद झालेले असते. सार्वजनिक रस्ते आणि गटारांवरचे अडथळे काढण्याचा अधिकार तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने थेट पंचायतीला दिला आहे.

अधिकार आहेत, पण ते वापरायला नोंद लागते. पाणी कुठून जात होते, कुठे अडले, कधीपासून अडले, हे लिहिलेले नसेल तर तहसीलदारांसमोर एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो. ग्रामसभेचे महत्त्व इथे आहे. कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या दिवसांभोवती होतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी, तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. विहिरीचे पाणी कधी गढुळले, हे सर्वांत आधी ज्यांना कळते त्यांचे म्हणणे तिथे नोंदवले जाते, म्हणून ती सभा उरकून टाकण्याचा उपचार होता कामा नये.

या चार तारखा आणि किनाऱ्यावरच्या पाण्याचे वर्ष शेजारी-शेजारी मांडून पाहा. 2 ऑक्टोबरला पाऊस नुकताच ओसरलेला असतो. भिंतींवर पाण्याच्या खुणा असतात आणि आठवणी ताज्या असतात. त्या सभेत पाणी कुठे, किती आणि किती वेळ साचले, याची वाडीवार यादी इतिवृत्तात घ्यावी. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यासाठीची लोकसहभागाची मोहीमही देशभर याच दिवसापासून सुरू होते. 26 जानेवारीपर्यंत त्या यादीतली कामे आराखड्यात आणि अंदाजपत्रकात बसवावीत. 1 मेच्या सभेत मोऱ्या उपसल्या का, पऱ्ये मोकळे झाले का, याचा जाब विचारावा, कारण पावसाला तेव्हा महिनाभर उरलेला असतो. 15 ऑगस्टला चालू पावसातला अनुभव नोंदवावा आणि सहा महिन्यांच्या मुदतीत बसणाऱ्या तक्रारी तालुक्याला पाठवाव्यात.

पैशाचा प्रश्न येणारच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, तर 40 टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. महाराष्ट्रात या अनुदानाचा 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींकडे आला. गाळ उपसणे, मोरी रुंद करणे, पऱ्याची हद्द दगड लावून दाखवणे ही कामे अशा निधीच्या आवाक्यातली आहेत. काही कामे मात्र पंचायतीच्या हातात नसतात. मुख्य रस्त्याखालची मोरी सार्वजनिक बांधकाम विभागाची, बांध आणि उघाड्या खारभूमी विभागाच्या, नुकसानीचे पंचनामे महसूल आणि कृषी खात्याचे. तिथे ग्रामसभेने ठराव करून तो त्या-त्या कार्यालयात पोच घेऊन द्यायला हवा. ‘पाण्याचा प्रश्न सोडवावा’ असा ठराव काही उपयोगाचा नसतो. कोणती मोरी, कोणाच्या वाडीजवळ, किती रुंद हवी आणि कोणत्या महिन्याच्या आत, हे ठरावात असले तर पुढच्या सभेत त्याचा पाठपुरावा करता येतो.

नोंदीची किंमत या किनाऱ्याने 3 जून 2020 ला मोजली आहे. निसर्ग चक्रीवादळाने त्या दिवशी अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन तालुक्यांतल्या वाड्या झोपवल्या. मदत हेक्टरच्या हिशेबाने ठरली होती आणि इथल्या वाड्या तर गुंठ्यांत मोजल्या जातात. वीस गुंठ्यांत दाटीने लावलेल्या पोफळी, त्यांत नारळ, त्यांवर चढवलेली मिरी, या मिश्र बागेचे मोल हेक्टरी दरात बसत नव्हते. पुढे राज्य सरकारला नारळ-सुपारीची मदत झाडामागे देण्याचा निर्णय घ्यावा लागला. झाडामागे मदत मिळायची तर झाडे मोजलेली हवीत. ज्या वाडीत किती नारळ आणि किती पोफळी, याचा कागद आधीच आहे, तिथला पंचनामा वाद न होता पार पडतो. पाण्याच्या यादीबरोबर झाडांची यादीही पंचायतीच्या दप्तरात असली पाहिजे, ती याचसाठी.

अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालवला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. हाताशी पीक नसताना, पदरी पैसा नसताना ती माणसे सभेला येत राहिली आणि एकत्र ठरवलेले पाळत राहिली. आज नागावच्या माणसाला पावसाच्या पाण्याशी झगडताना तेवढा त्याग करावा लागणार नाही. वर्षातले चार दिवस पंचायतीसमोर बसायचे, आपल्या वाडीतले पाणी शब्दांत मांडायचे आणि ते इतिवृत्तात उतरले की नाही हे वाचून घ्यायचे, एवढेच करायचे आहे. भराव टाकणारा आणि पाण्यात बुडणारा हे एकाच आळीतले शेजारी असतात. त्यांचा प्रश्न न्यायालयात जाण्याआधी सर्वांदेखत सुटण्याची जागा गावाला दुसरी नाही. म्हणून येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘पाण्याच्या वाटांची यादी’ हा विषय घ्यायला आजच लेखी अर्ज द्या. ऐनवेळच्या विषयांत तो ढकलला गेला, तर त्याच्यावर चर्चा होण्याआधीच सभा उठलेली असेल.

पुढील लेखांकात : खारबंदिस्ती. बांधाला खांड पडली की ती बुजवायची कुणी? 1979 च्या खारजमीन विकास अधिनियमाआधी आणि नंतर.