लघुरेल्वेच्या देखाव्यांतील मोटारी व त्यांचा कालनिर्णय

पोथीचा काल ठरवितांना केवळ पुष्पिकेंतील शकावर विसंबून चालत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ग्रंथांत आलेल्या व्यक्ति, ग्रंथ व घटना यांपैकीं जो उल्लेख सर्वांत अर्वाचीन, तो त्या ग्रंथाची पूर्वमर्यादा ठरवितो. ग्रंथाची रचना त्यानंतरची असेल, त्यापूर्वींची नव्हे. हाच न्याय एका सर्वस्वीं निराळ्या वस्तूस कसा लागू पडतो, तें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे आगगाडीचा लहान प्रमाणावर उभारलेला देखावा. आणि त्यांतील विचार्य भाग म्हणजे स्टेशनाबाहेरील रस्त्यावर मांडलेल्या मोटारी, मालमोटारी व बसगाड्या.

असे देखावे म्हणजे पोरखेळ, अशी समजूत आढळते. परंतु पुण्यांत कोथरूड येथें बी. एस. जोशी यांनीं उभारलेलें व १९९८ सालीं लोकांस खुलें झालेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहिल्यास ती टिकत नाहीं. आमच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वळसंगपासून जवळच असलेलें होटगी जंक्शन घ्या. मुंबई-मद्रास मार्गाचा रुंद रूळ आणि विजापूर-गदगकडे जाणारा मीटर रूळ हे तेथें शंभराहून अधिक वर्षें शेजारीं नांदले. गदगचा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रुंद झाला व मीटर रूळ गेला. जें आतां डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याचा देखावा पुढील पिढीस दस्तऐवजासारखाच वाटणार. त्यांत भलत्या काळाची मोटार उभी केली तर ती क्षेपकच होय. आणि क्षेपक एकदां प्रतींत शिरला कीं पुढील लिपिकार तो इमानानें उतरून घेतात.

म्हणून देखावा मांडणारानें प्रथम साल ठरवावें. उदाहरणार्थ, होटगी येथील १९५६ च्या आरंभींची सकाळ कल्पूं.

पहिला नियम पूर्वमर्यादेचा. ठरविलेल्या सालानंतर निघालेलें एकही वाहन देखाव्यांत नसावें. खेळण्यांच्या दुकानांत सहज मिळणारी अँबॅसडर येथें बाद होते, कारण ती १९५७ ची. तिची पूर्वज लँडमास्टर १९५४ ची असल्यामुळें चालेल. हिंदुस्थान टेन १९४९ ची, तीही चालेल. फियाट ११०० येथें १९५४ पासून तयार होऊं लागली, म्हणून ती ग्राह्य. परंतु तिच्यावर पद्मिनी हें नांव नको, तें १९७० नंतरच्या दशकांतलें. टाटांची मालमोटार १९५४ पासून जमशेदपुरास बनूं लागली. तेव्हां ती चालेल, मात्र पुढील जाळीवर मर्सिडीझचा त्रिकोणी तारा हवा. टाटांचें स्वतःचें चिन्ह १९६९ नंतरचें आहे. तसेंच नंबराच्या पाटीवर एम. एच. १३ अशीं अक्षरें दिसलीं तर तो देखावा १ जुलै १९८९ च्या अलीकडचा, मग त्यांतील इंजिन कितीही जुनें असो.

दुसरा नियम उपलब्धतेचा. एखादें वाहन जगांत निघालें होतें, एवढ्यानें तें आमच्या रस्त्यावर होतें असें सिद्ध होत नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना घातला. म्हणून १९३० नंतरच्या देखाव्यांत शेव्हरोलेची मालमोटार शोभते. परंतु देशांतच भाग बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांविरुद्ध सरकारनें धोरण आंखल्यावर हा कारखाना १९५४ सालीं बंद पडला. त्यानंतरच्या, मागें पंख काढलेल्या अमेरिकन गाड्या परदेशीं विपुल मिळणाऱ्या नमुन्यांत आकर्षक दिसतात. पण सोलापूर-अक्कलकोटच्या रस्त्यावर त्यांची रांग लावणें म्हणजे यादवकालीन ताम्रपटांत फारसी शब्दांची पेरणी करणें होय. उलट, सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कारखान्यानें १९४७ पासून बाजारांत आणलेल्या डॉज व प्लिमथ येथें निःशंक घ्याव्या.

तिसरा नियम मिश्रणाचा. पूर्वमर्यादा पाळली म्हणजे काम संपत नाहीं. सर्व गाड्या १९५५ च्याच असल्या तर तेंही खोटें. कारण कोणत्याही रस्त्यावर दहा, पंधरा, वीस वर्षांचीं वाहनें एकाच वेळीं धांवत असतात. एखादी फोर्डची १९३० च्या सुमाराची जीर्ण मोटार, युद्धानंतरच्या दोन-तीन मालमोटारी आणि एकच नवी गाडी, असें प्रमाण अधिक खरें. बस घ्यावयाची तर बेडफर्डची घ्यावी. मुंबई राज्याची एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. तिच्या आरंभींच्या बेडफर्ड गाड्यांना लांकडी सांगाडा व काथ्याच्या गाद्या असत, आणि रंग निळा व चंदेरी असे. पाटीवर मात्र ‘महाराष्ट्र’ नको; तें राज्य १ मे १९६० चें. आणि मोटारींपेक्षां बैलगाड्या व टांगे अधिक असावेत, हें विसरूं नये.

रूळ व रस्ता हे दोन साक्षीदार एकमेकांशीं जुळले पाहिजेत. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं अस्तित्वांत आली. गदगचा मार्ग त्याच वर्षीं दक्षिण रेल्वेकडे गेला होता. म्हणून १९५६ मध्यें जी. आय. पी. अशीं अक्षरें एखाद्या न रंगविलेल्या जुन्या वाघिणीवर पुसट दिसलीं तर चालतील, साऱ्या गाडीवर नव्हे.

राहिलें माप. सत्त्याऐंशींत एक या प्रमाणांत सव्वाचार मीटरांची मोटार सुमारें पांच सेंटिमीटर भरते, शहात्तरांत एक या प्रमाणांत साडेपांचांहून किंचित् अधिक. दोन्ही प्रमाणें एका रस्त्यावर मिसळल्यास डोळा तत्काळ अडखळतो. स्वस्त खेळण्यांच्या गाड्या बहुधा डबीच्या आकारास बेतलेल्या असतात. त्या मोजूनच घ्याव्या. जर्मन बनावटीच्या मर्सिडीझ मालमोटारी टाटांच्या जागीं उत्तम चालतात. पण त्यांचें चालकचक्र डावीकडे असतें, तें उजवीकडे फिरवावें.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक देखाव्यास पुष्पिका असावी: स्थळ, साल, आणि कोणतें वाहन कोणत्या आधारावर मांडलें याची टांचणी. हे आधार कोठें मिळणार? आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं सनदांच्या रुमालांखालींच लग्नाचीं छायाचित्रें, मोटार-सर्व्हिसचीं तिकिटें, गाडीचीं नोंदणीपत्रें व पेट्रोलच्या पावत्या पडून आहेत. शंभर वर्षें झालीं नाहींत म्हणून तीं रद्दींत जातात. मोडी कागद वेळींच न जपल्याचें दुःख ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं तरी हे कागद रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहावेत, व मागें साल लिहून ठेवावें.