तीन फुटांचा वाफा, दर आठवड्याला पालेभाजी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींत एक तरी. वस्तीतली बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तोवर पातेल्यात रस्साच उरलेला असतो. बाजारात भाव चढले की आधी पालेभाजी बंद होते. म्हणून आम्ही सांगतो, दारात एक गादीवाफा करा. पण आधी तो कागदावर आखा. सगळे बी एकदम टाकले तर सगळी भाजी एकदमच येते आणि मग महिनाभर वाफा मोकळा राहतो.

वाफा कसा करावा?

रुंदी ३ फूट ठेवा. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही आणि माती भुसभुशीत राहते. लांबी ८ फूट पुरे. आपला खानापूर तालुका कमी पावसाचा, उंच वाफा लवकर सुकतो. त्यामुळे उंची अर्धा फूट ठेवा. पाणी साचणारी जागा असेल तरच एक फूट करा. कडेला विटा लावा. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळा, वर पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरा. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा.

काय कुठे लावावे?

उगवतीकडे तोंड करून उभे राहा. डावा हात ती उत्तर. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून वाफा पूर्व-पश्चिम लांब घ्या, उंच पीक उत्तरेला लावा आणि त्याचे एकेक फुटाचे तीन पट्टे पाडा.

उत्तरेचा पट्टा : काठ्या आणि दोरी बांधून त्यावर वाल घेवड्याचे वेल.

मधला पट्टा : दीड-दीड फुटावर पाच रोपे. दोन टोमॅटो, दोन मिरची, एक वांगे.

दक्षिणेचा पट्टा : दोन-दोन फुटांच्या चार चौकटी. पहिल्या आठवड्यात मेथी, दुसऱ्यात पालक, तिसऱ्यात लाल माठ, चौथ्यात कोथिंबीर पेरा. मेथी महिनाभरात काढायला येते. ती काढली की त्याच चौकटीत लगेच नवे बी टाका. पालक आणि माठ मुळासकट उपटू नका, वरून कापा म्हणजे पुन्हा फुटतात. पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला थोडी का होईना, ताजी भाजी हाताशी येते.

टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाच कुळातली, त्यांचे रोगही सारखे. पुढच्या हंगामात ती त्याच पट्ट्यात लावू नका. तिथे बुटकी चवळी घ्या. चवळी-घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. शेवगा वाफ्याबाहेरच लावा. त्याच्या पाल्याचीही भाजी होते.

पाणी कोणते घालावे?

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते. गटाराचे पाणी कधीच घालू नका, त्यातून जंत पोटात जातात आणि जंतही रक्त कमी करतात. पाणी साठवलेले पिंप झाकून ठेवा, उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. भाजी चिरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवा.

ताटात काय करावे?

पालेभाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत कच्चा टोमॅटो खाल्ला तर ते जास्त लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, मध्ये तासभर जाऊ द्या.

मात्र वाफा म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर उपचार लागतातच. गरोदर बाईने लोहाची गोळी रोज, किमान १८० दिवस घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. धाप लागत असेल, पाय सुजत असतील, डोळे-जीभ पांढरी दिसत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दारात जागा नसेल तर चार घरांनी मिळून विहाराच्या आवारात वाफा करावा आणि पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. पहिली जुडी निघेल त्या दिवशी घरातल्या बाईचे ताट आधी वाढा.